तिवरावरचे लाल शेवाळ

शेवाळ म्हटले की हिरवे आणि पाय घसरवणारे, एवढेच आपल्याला माहीत असते. पण आपल्या खाडीत लाल शेवाळही आहे. त्याचे नाव बोस्ट्रिकिया. मोंतान्य नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४२ साली ते ठेवले. नाव अवघड आहे, पण अर्थ सोपा. ग्रीक भाषेत केसांच्या कुरळ्या बटेला बोस्ट्रिकोस म्हणतात.

तिवराची श्वास घेणारी मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात. ओहोटीला त्यांच्यावर काळपट जांभळी लव दिसते. माझी आजी म्हणते, "ती माती आसा रे." तिचेही खरेच आहे, कारण लवेत गाळ अडकलेला असतो. म्हणून आधी ती पाण्यात खळबळून घ्यावी आणि मग भिंगातून बघावी. केसासारखे बारीक धागे, त्यांना फांद्या, फांद्यांना आणखी फांद्या. सगळा झुपका दोन-तीन सेंटीमीटरचा. पान नाही, फूल नाही, खरे मूळसुद्धा नाही. बारीक पंजांनी ते तिवराच्या मुळाला धरून बसते. टोके आत वळलेली असतात, अगदी विंचवाच्या नांगीसारखी.

गुरुजींनी फळ्यावर धाग्याचे चित्र काढून दाखवले. मधे एक पेशी आणि तिच्याभोवती पेशींचे कडे. अशी कडी एकावर एक रचून धागा होतो.

आता रंगाची गंमत. या शेवाळात हिरवा रंगही असतो, पण तो लाल रंगाखाली झाकलेला असतो. उकळत्या पाण्यात टाकले की लाल जातो आणि हिरवा दिसू लागतो. (चूल मोठ्या माणसांना पेटवू द्या.)

ओहोटीला हे शेवाळ कोरडे पडते, पाणी आले की पुन्हा ताजे होते. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडसर होते, उन्हाळ्यात खारट. दोन्ही ते सोसते. पाणी खारट झाले की ते आपल्या पेशींत साखरेसारखा एक पदार्थ जास्त बनवते, त्यामुळे आतले पाणी बाहेर ओढले जात नाही. मात्र कडक ऊन त्याला आवडत नाही. म्हणून ते झाडाच्या सावलीत जास्त.

लाल शेवाळाच्या बीजाला शेपूट नसते, त्यामुळे पोहता येत नाही. पाणी नेईल तिकडे जायचे आणि मूळ मिळाले तर चिकटायचे. तरीसुद्धा ते केवढे पसरले आहे! आपल्या कोकणात, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, ब्राझीलमध्ये, जिथे खारफुटी तिथे बहुतेक त्याची कुठलीतरी जात असतेच. इंग्लंडमध्ये थंडीमुळे खारफुटी नाही. तिथे त्याची एक जात खाऱ्या दलदलीतल्या झुडपांच्या बुडाशी राहते. तिचे नाव स्कॉर्पिऑइडीस, म्हणजे विंचवासारखी. म्हणजे नांगी एकट्या मलाच दिसली नाही!

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटी तोडायला बंदी केली. तरी आमच्या बांधाजवळची तिवरे कुणीतरी तोडली. मुळे उन्हात उघडी पडली. त्यांच्यावरची लव वाळून करकरीत झाली. उधाणाचे पाणी दोनदा येऊन गेले, पण ती काही ताजी झाली नाही. लवेत लपणारे बारके खेकडे तिथे दिसत नाहीत. आता मुळेही कुजून मोडू लागली आहेत आणि बांधाची माती खाली येऊ लागली आहे. त्या बांधाच्या आत आमचे भात आहे.