जिंकले मैदानात, अडले दारात

चंदीगडला लागून असलेल्या पंचकुलात ८ मार्च २०१८ रोजी मिनर्व्हा पंजाबने गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला १-० असे हरवून फुटबॉलची आय-लीग जिंकली. मोहन बागान, ईस्ट बंगालसारखे नामवंत संघ मागे पडले. तरीही अधिक पैशाची, अधिक झगमगाटाची इंडियन सुपर लीग या विजेत्यांना बंदच राहिली. कारण तिथे खेळ नव्हे, खिसा पाहिला जात होता. आदल्याच वर्षी बेंगळुरू एफसी आणि टाटा स्टीलने बोली लावून तिथे प्रवेश मिळवला होता.

पैशाचे राज्य इंग्लंडमध्येही आहे. २००३ साली अब्रामोविच या रशियन धनाढ्याने चेल्सी क्लब विकत घेतला आणि दोनच वर्षांत चेल्सी विजेता ठरला. पण तिथे छोटा क्लब जिंकत जिंकत वर चढू शकतो आणि बडा क्लब हरला तर खाली घसरतो.

पंजाबसाठी हे दार उघडले ते २०२३ मध्ये. तोवर क्लब राउंडग्लासच्या मालकीचा झाला होता. आय-लीग जिंकून सुपर लीगमध्ये गेलेला तो पहिलाच संघ.

मात्र मालकाच्या भरवशावरचा संघ किती टिकणार? फगवाड्याच्या जेसीटी गिरणीच्या संघाने १९९६-९७ मध्ये पहिली राष्ट्रीय लीग जिंकली होती. २०११ मध्ये कंपनीने हात आखडता घेतला आणि संघच संपला.

म्हणूनच मुलाला अकादमीत घालताना पालकांनी कपाटातले चषक मोजून थांबू नये. खर्च कोण करतो आणि उद्या तो थांबला तर मुलाच्या शिक्षणाचे काय, हेही विचारावे.