सापडलं म्हणून आपलं होत नाही

देवघरात जरा निरखून पाहा. शाळीग्राम असेल, तर तो गंडकीच्या पात्रातून आलेला, कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या अ‍ॅमोनाइट नावाच्या जिवाचा जीवाश्म असतो. शंख हे एका मोठ्या समुद्री गोगलगायीचं कवच. गोमती चक्र म्हणजे तशाच एका गोगलगायीच्या कवचाच्या तोंडावरचं झाकण. कवड्या आणि मोरपीस वेगळं सांगायला नकोच. एवढा ऐवज घरात सांभाळणारे आपण, पण शेजारच्या पोराने बोकडाची कवटी घासूनपुसून कपाटात ठेवली की लगेच ‘काहीतरी अभद्र’ म्हणून मोकळे होतो.

हाडं, शिंगं, पिसं, शिंपले, दगड गोळा करण्याच्या छंदाबद्दल गैरसमज दोन्ही बाजूंना आहेत. नाक मुरडणाऱ्यांचे बरेचसे निरुपद्रवी असतात. छंद करणाऱ्यांचे मात्र कधी कधी थेट कोर्टाची पायरी चढायला लावतात, म्हणून आधी तेच घेऊ.

गैरसमज : मी प्राणी मारला नाही. जंगलात पडलेलं उचललं, त्यात गुन्हा कसला?

गुन्हा होऊ शकतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘ट्रॉफी’ या शब्दाची व्याख्या वाचली की डोळे उघडतात. भिंतीवर टांगलेलं वाघाचं मुंडकं तर तीत आहेच. शिवाय शिंग, हाड, कवच, केस, पीस, नख, दात, सुळा, अंडं, घरटं आणि मधाचं पोळंसुद्धा आहे. त्याच कायद्याचं कलम ३९ सांगतं की मेलेला सापडलेला वन्यप्राणी आणि त्याच्यापासून मिळालेली वस्तू ही सरकारची मालमत्ता. ती हाती आली तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. प्राणी कसा मेला, कुणी मारला, हे प्रश्न पुढचे. आधी पाहिलं जातं ते हाड कोणाचं हे.

सांबर आणि चितळाची शिंगं भरीव हाडाची असतात, ती गळतात आणि पुन्हा उगवतात. त्यामुळे ‘गळालेलं शिंग म्हणजे झाडाचं वाळलेलं पान’ असा समज पसरला. कायद्याला तो मान्य नाही, आणि जंगलालाही नाही. गळालेली शिंगं साळिंदरं कुरतडतात, कारण त्यांना कॅल्शियम हवं असतं. आपण दिवाणखान्यात टांगतो ते त्यांच्या वाट्याचं असतं. काळवीट आणि चिंकारा यांचं तर शिंग गळतच नाही. आतल्या हाडावर केराटिनचं पोकळ आवरण अशी त्याची रचना, आणि ते जन्मभराचं. तेव्हा काळवीटाचं शिंग दाखवून ‘गळालेलं सापडलं’ म्हणणारा माणूस एक तर अडाणी किंवा लबाड.

सुगरणीचं घरटं हा आणखी एक घोटाळा. हॉटेलांच्या छतांना आणि फार्महाउसच्या व्हरांड्यांत ती हौसेने लटकवलेली दिसतात. पण ट्रॉफीच्या व्याख्येत घरटं आहे, हे वर आलंच. सवलत आहे ती मोराच्या शेपटीच्या पिसाला, तीही देशातल्या देशात. निर्यात करता येत नाही, आणि पिसासाठी मोराला हात लावला तर सुटका नाही.

गैरसमज : वाघनख आजोबांच्या काळातलं आहे, म्हणजे चालतं.

वय हा बचाव होत नाही. जुन्या वस्तू जाहीर करण्यासाठी केंद्र सरकारने २००३ मध्ये नियम काढून १८० दिवसांची मुदत दिली होती. तेव्हा किंवा त्याआधी नोंद होऊन मालकीचं प्रमाणपत्र मिळालं असेल, तरच ती वस्तू वारसाने पुढे जाते. विकता येत नाही ती नाहीच. याच कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यानुसार अनुसूची १ मधल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्याच्या बाबतीत ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. सोन्यात मढवलेली बरीच ‘वाघनखं’ प्रत्यक्षात गाईगुरांच्या शिंगातून कोरलेली निघतात, हा त्यातल्या त्यात दिलासा. फसवलं गेल्याचा आनंद व्हावा अशी ही दुर्मीळ जागा.

गैरसमज : इंद्रजाल आणि हत्ताजोडी या वनस्पती आहेत.

इंद्रजाल नावाने फ्रेम करून विकली जाणारी ती काळी, जाळीदार, पंख्यासारखी गोष्ट झाड नाही. ती समुद्रातल्या प्रवाळांची वसाहत असते, सी-फॅन किंवा काळं प्रवाळ. ही दोन्ही प्रवाळं कायद्याने संरक्षित आहेत. ‘वास्तुदोष जातो’ म्हणून दाराच्या चौकटीवर लावलेली फ्रेम म्हणजे गुन्ह्याचा पुरावा ठळक जागी टांगून ठेवल्यासारखं आहे.

हत्ताजोडीची गोष्ट याहून वाईट. जोडलेल्या दोन हातांसारखं दिसणारं मूळ म्हणून, शेंदूर लावून, डबीत घालून ती विकतात. ते मूळ नसतं, नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. तपासयंत्रणांनी २०१७ च्या सुमारास हा व्यापार उघड केला. घोरपड अनुसूची १ मध्ये आहे. भाविक गिऱ्हाइकाला बिचाऱ्याला कळतही नाही की आपण देवाजवळ काय ठेवलं आहे.

दक्षिणावर्ती शंखाचंही असंच. आपल्या पूजेच्या शंखाच्या जातीत उलट्या वळणाचा नमुना फारच क्वचित सापडतो. बाजारात त्या नावाने मिळणारे बरेच शंख अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या वेगळ्याच जातीचे असतात. त्या जातीत हेच वळण सर्रास असतं. भाव मात्र दुर्मिळाचा लागतो.

गैरसमज : परदेशात हे सगळं चालतं.

काही चालतं, काही नाही. अमेरिकेत गळालेली हरणाची शिंगं गोळा करणं हा बहुतेक ठिकाणी राजरोस छंद आहे. पण तिथेच १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यामुळे बागेत पडलेलं ब्लू जे या पक्ष्याचं निळं पीस उचलून घरी ठेवणं बेकायदा ठरतं. न्यू जर्सीतल्या नातवाने ते हौसेने आजीला पाठवायचं ठरवलं, तर पाकिटात घालण्यापूर्वी विचार करावा. उलट दिशेनेही तेच. इथून नेलेलं प्रवाळ किंवा नॉटिलसचा शंख विमानतळावर अडतो.

गैरसमज : हाडं म्हणजे रोगराई.

ऊन-पावसात वर्षभर पडून पांढरं झालेलं कोरडं हाड हातमोजे घालून उचललं आणि नंतर हात धुतले, तर भीती फार नसते. खरा धोका ताज्या मढ्यात असतो. गुरांना होणारी काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, हे त्याचं टोकाचं उदाहरण. या जंतूचे बीजाणू मातीत कित्येक दशकं टिकतात. जनावर अचानक मेलं असेल आणि नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त येत असेल, तर जवळही जाऊ नये. सरळ पशुवैद्यकाला बोलवावं.

एके काळी हे साफसफाईचं काम गिधाडं करत. गावाबाहेर टाकलेलं जनावर ती काही तासांत हाडांपर्यंत साफ करत, आणि मग हाडं वेचणारे ती गिरणीवाल्यांना विकत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने गिधाडं संपत आली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तर ९९ टक्क्यांहून जास्त घटली. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तोवर उशीर झाला होता. आज मढी कुजत पडतात ती त्यामुळे. दोष हाडांना देऊ नये.

गैरसमज : उकळलं की हाड साफ.

मांस सुटतं हे खरं. पण खळखळत्या पाण्यात चरबी हाडाच्या आत मुरते, आणि काही महिन्यांनी हाड पिवळं आणि तेलकट होतं. दातांना तडे जातात, नाकातली पातळ हाडं सुटून येतात. ब्लीच तर मुळीच नको. ते हाडातलं प्रथिन खातं, धुतल्यावरही काम चालू ठेवतं आणि शेवटी हाताला खडूसारखी पूड लागते.

जाणकारांची पद्धत रटाळ आहे. झाकणाच्या बादलीत साध्या पाण्यात भिजत घालायचं, पाणी बदलत राहायचं आणि वासाला तोंड द्यायचं. (फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हा भाग गावी उरकावा.) मग भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात ठेवून चरबी काढायची. त्यालाच काही आठवडे जातात. शेवटी औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड. संग्रहालयं हेच काम डर्मेस्टिड नावाच्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांकडून करून घेतात. तेच भुंगेरे घरच्या वाळलेल्या किड्यांच्या पेटीत शिरले, तर संग्रहाचा भुगा करतात.

गैरसमज : नमुना दुर्मीळ, तर संग्रह मोलाचा.

विज्ञानाच्या लेखी मोल असतं ते चिठ्ठीला. नमुना कुठे मिळाला, कधी मिळाला, कुणी उचलला, या तीन गोष्टी नसतील तर वाघाची कवटीसुद्धा शोभेची वस्तू.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण ब्रिटनमधलं आहे. तिथे पक्ष्यांची अंडी गोळा करण्याचं वेड होतं. ते इतकं वाढलं की १९५४ च्या कायद्याने त्याला बंदी घालावी लागली. पण हे अंडीवाले नोंदी ठेवण्यात पक्के होते. पुढे डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाने संग्रहालयांतली आणि खासगी पेट्यांतली बहिरी ससाण्याची जुनी-नवी कवचं तपासली. दुसऱ्या महायुद्धानंतर, साधारण १९४७ पासून, ती पातळ होत गेल्याचं त्याने १९६७ मध्ये दाखवलं. डीडीटी या कीटकनाशकाच्या विरोधातला हा मोठा पुरावा ठरला. अंडी चोरणं वाईटच होतं. तरी कवचावर तारीख लिहिणाऱ्या त्या अनाम हातांचं ऋण मान्य करायला हवं.

आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये सुरू झाली, तीही आठ हौशी माणसांनी आपापले नमुने आणि निरीक्षणं एकत्र आणावीत म्हणून. आज तिथे एक लाखाहून जास्त नमुने आहेत. लहानग्या सलीम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घ्यायला याच संस्थेत नेली होती, हे सर्वश्रुत आहे. तो १९०८ चा काळ. ते आज कुणी अनुकरणासाठी पुढे करू नये. ती गरज आता कॅमेरा भागवतो.

गैरसमज : छंदासाठी जंगलात जावं लागतं.

स्वयंपाकघरात गेलं तरी पुरतं. घोळ किंवा ढोमा यांच्या कुळातला मासा आणला, तर डोकं टाकू नका. कवटीच्या मागच्या भागात, मेंदूच्या दोन्ही बाजूंना, एकेक दुधी पांढरा खडा मिळतो. तो माशाच्या कानातला ऑटोलिथ. याच्या पातळ कापात सूक्ष्मदर्शकाखाली वाढीची वर्तुळं दिसतात, आणि त्यांवरून मत्स्यशास्त्रज्ञ माशाचं वय काढतात. या कुळात हे खडे चांगले ठसठशीत असतात.

बोकडाच्या मुंडीत वरच्या जबड्याला पुढचे दात शोधा. सापडणार नाहीत. रवंथ करणाऱ्या जनावरांना तिथे नुसती कठीण हिरडी असते. खालचे दात पाहून शर्यतीचा शौकीन माणूस बैलाचं वय, म्हणजे तो आदत, दुसा की चौसा, हे क्षणात सांगतो. हाडांचा अभ्यासकही वेगळं काही करत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले अभ्यासक इनामगावसारख्या प्राचीन वस्तीच्या उत्खननात निघालेल्या हाडांवरून तिथल्या लोकांनी कोणती जनावरं पाळली आणि खाल्ली, हे ठरवत आले ते याच पद्धतीने.

पडक्या वाड्यात गव्हाणी घुबड राहत असेल, तर खाली काळपट, केसाळ गोळ्या पडलेल्या असतात. भक्ष्याचा न पचलेला भाग घुबड तोंडाने बाहेर टाकतं, त्याला पेलेट म्हणतात. पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवलं की आतून चिमुकल्या कवट्या निघतात. पुढचे दात नारिंगी आणि त्यांच्यामागे मोकळी जागा, तर उंदीर. टोकदार दातांची सलग रांग, तर चिचुंदरी. घुबडाच्या वाटेला मात्र जायचं नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर शिंपल्याला सुईने पाडावं तसं गोल भोक दिसतं. ‘माळेसाठी कुणीतरी पाडलंय’ असं पोरं म्हणतात. भोकाची कड बाहेरून उतरती असेल, तर ते मून स्नेल नावाच्या शिकारी गोगलगायीचं काम. तिने कवच पोखरून आतला जीव खाल्लेला असतो. असे मूठभर शिंपले खिशात आले, तर आभाळ कोसळत नाही, मात्र संरक्षित जाती ओळखायला शिकावं. पिशव्या भरभरून नेणं वेगळं. रिकामे शंख संन्यासी खेकड्यांची घरं असतात.

दगडांबद्दल दोन शब्द

खडकावर नेच्यासारखी काळी नक्षी दिसली की ‘वनस्पतीचा जीवाश्म’ म्हणून फोटो फिरतात. बहुतेक वेळा ते मँगनीजच्या संयुगांनी फटीत धरलेले आकार असतात, डेंड्राइट. याउलट चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या शेतांतले ओबडधोबड गोळे कुणी पाहणारही नाही. ते आहेत जीवाश्म झालेली विष्ठा. नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच तिथले जीवाश्म जमवले. २००५ मध्ये त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडले, आणि डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं हा पाठ्यपुस्तकी समज मोडला. असं काही दिसलं तर उकरू नका. जागेसह फोटो काढा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला किंवा जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला कळवा. जमिनीतून उपटलेल्या जीवाश्माचा अर्धा इतिहास खड्ड्यातच राहतो.

आणि वन्यप्राण्याचं हाड, शिंग किंवा मेलेला प्राणी दिसला, तर हात न लावता महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. तो टोल-फ्री आहे.