बारीक तारेस डाख देणें

खेळांतली आगगाडी म्हटली म्हणजे किल्लीनें चालणारें इंजिन व पत्र्याचे दोन डबे, एवढेंच चित्र पुष्कळ पालकांच्या डोळ्यांपुढें येतें. आतांच्या प्रतिकृतींची गोष्ट निराळी आहे. एच-ओ या प्रमाणांत खऱ्या गाडीचा सत्याऐंशीवा भाग धरून रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर ठेवतात. आणि एवढ्याशा इंजिनाच्या पोटांत डीकोडर नांवाची नखाएवढी पाटी बसवितात. रुळांतून आलेला संकेत ओळखून ती मोटारीस व दिव्यांस आज्ञा देते. पुण्यांत कोथरूड येथें भाऊसाहेब जोशी यांनीं १९९८ सालीं उघडलेलें छोट्या रेल्वेंचें संग्रहालय ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस या छंदाची गोडी सांगावयास नको.

या इंजिनांतील कांहीं दिवे जेमतेम एक मिलिमीटर लांब व अर्धा मिलिमीटर रुंद असतात. त्यांस ०.१ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे जवळजवळ केंसाइतकी, तांब्याची तार जोडावी लागते. ही तार उघडी दिसते, पण तशी नसते. तिच्यावर पारदर्शक लेप असतो. लेपावर डाख धरत नाहीं, त्याची गोळी होऊन गळून पडते, आणि नवशिका आपल्या हातास दोष देतो.

लेप पॉलियुरेथेनचा असेल तर तो सुमारें ३८० अंश सेल्सिअस उष्णतेनें जळून जातो. सोल्डरिंग आयर्नच्या टोंकावर डाखाचा लहानसा थेंब घ्यावा व तारेचें टोंक त्यांत एक-दोन सेकंद बुडवावें. तें रुपेरी झालें कीं काम झालें. इतर कित्येक लेप असे जळत नाहींत. ते हलक्या हातानें खरवडावे लागतात. जळणाऱ्या लेपाचा धूर मात्र फुप्फुसांस अपायकारक आहे. खिडकी उघडी ठेवावी, तोंड बाजूस धरावें, वडील मंडळींपैकीं कोणी जवळ असावें, आणि दम्याचा विकार असलेल्या मुलानें हें काम दुसऱ्याकडून करवावें. साध्या डाखांत कथील ६० व शिसें ४० भाग असतें. शिसें विषारी, म्हणून हात धुतल्याशिवाय खाऊस शिवूं नये.

कल्हईवाला भांड्यावर नवसागर टाकतो, तो येथें उपयोगी नाहीं. त्याचा अवशेष बारीक तार हळूहळू खाऊन टाकतो. येथें राळच पाहिजे.

दिवा चिकटपट्टीवर उलटा बसवावा, त्याच्या टोंकांस व तारेस अगोदर निरनिराळा डाख लावावा, आणि मग दोन्ही टेकवून आयर्नचा नुसता स्पर्श करावा. तीन सेकंदांपेक्षां अधिक ताप दिला तर दिवा मरतो. डाख गोठेपर्यंत चिमटा हलूं देऊं नये. आवरणाची नळी जोडण्यापूर्वींच तारेंत ओवावी. हें विसरणारे पुष्कळ!

डीकोडरच्या तारांचे रंग ठरलेले आहेत: तांबडी व काळी रुळांकडून, नारिंगी व करडी मोटारीकडे, पांढरी पुढच्या दिव्यास, पिवळी मागच्यास, आणि निळी दिव्यांची सामाईक धन तार. दिव्याच्या मार्गांत सुमारें १००० ओहमचा रोधक घालावा. मोटारीची तार रुळाच्या तारेस टेकली कीं डीकोडर जळतो व सांठविलेला खाऊचा पैसा धुरांत जातो. इंजिनाच्या धातूच्या धारेवर घांसून लेप निघतो, म्हणून तेथें चिकटपट्टी लावावी. झांकण बसविण्यापूर्वीं मीटरनें रूळ व मोटार यांत संबंध नाहीं ना, हें तपासावें. आणि पहिली चांचणी वीज मर्यादित ठेवणाऱ्या प्रोग्रॅम-रुळावरच घ्यावी.