बर्फात पाय घसरला, तर बिल कोण भरणार?

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडात सिद्धनाथाचा रथ निघतो, तेव्हा गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली माणदेशी घरं गावात गोळा होतात. माण, आटपाडी, खानापूर या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या कामात तमिळनाडूपासून काश्मीरपर्यंत पोहोचली आहेत. श्रीनगरात गणपती बसवणारी मराठी मंडळी याच धंद्यातली. त्यामुळे इथल्या लोकांना काश्मीर परकं वाटत नाही. नाताळच्या सुट्टीत पोरांना बर्फ दाखवायचा बेत अनेकदा रथाच्या गर्दीतच ठरतो. हॉटेल कुठलं, विमान कुठून, स्वेटर किती, सगळ्यावर खल होतो. विम्याचं काम मात्र तिकीट काढताना मोबाईलवरच्या चौकटीत टिचकी मारली की संपलं, असं धरलं जातं.

त्या टिचकीत काय मिळतं हे पाहण्यासारखं आहे. रेल्वेचं ऑनलाइन तिकीट काढताना माणशी ४५ पैशांत जो विमा मिळतो, त्यात मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख आणि रुग्णालयाच्या खर्चासाठी २ लाखांपर्यंत रक्कम आहे. एवढ्या पैशात इतकं देणारा दुसरा विमा सापडायचा नाही. पण तो रेल्वे अपघातापुरता. गाडीतून उतरून टॅक्सीत बसलं, की तो संपला.

दुसरा आधार पासबुकात सापडतो. माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ साली याच गावात उभी राहिली, त्यामुळे म्हसवडच्या बाईला पासबुकाचं अप्रूप नाही. त्या पासबुकात दरवर्षी मे-जूनच्या सुमारास २० रुपये कापल्याची नोंद असेल, तर ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना. १८ ते ७० वयाच्या खातेदाराला अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख, एक डोळा वा एक हात-पाय कायमचा गेल्यास १ लाख. मोडलेल्या पायाच्या प्लास्टरला मात्र यातून छदाम मिळत नाही. आणि काश्मीरात गुलमर्गला सहलीच्या माणसाचं दुखावतं ते हेच: घोटा, मनगट, गुडघ्याची शीर. स्कीवरून पडणारे पडतातच, पण हॉटेलच्या दारात गोठलेल्या पायरीवर, भाड्याचे गमबूट घालून, चहा प्यायला जाताना सटकणारेही असतात.

तेव्हा पहिलं काम नवी पॉलिसी शोधण्याचं नाही. कपाटातली जुनी मेडिक्लेम काढून वाचण्याचं आहे.

‘साहसी खेळ चालत नाहीत’ असं एजंट एका दमात सांगून मोकळा होतो. प्रत्यक्षात विमा नियामकाने देशभरातल्या आरोग्य विम्यासाठी वगळण्याच्या अटींची भाषा एकसारखी करून दिली आहे आणि त्यात साहसी खेळांच्या कलमात एक कळीचा शब्दप्रयोग आहे: ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेतल्यास. गिर्यारोहण, राफ्टिंग, स्कायडायव्हिंग अशी नावं पुढे येतात, पण ती धंदा म्हणून हे करणाऱ्यांसाठी. चार दिवसांच्या सहलीत शिक्षकाचा हात धरून स्कीवर उभं राहिलेला म्हसवडचा दुकानदार व्यावसायिक ठरत नाही. शिवाय नव्या पॉलिसीचा ३० दिवसांचा प्रतीक्षाकाळ अपघाताला लागू नसतो. म्हणजे घरची चांगली मेडिक्लेम असेल, तर श्रीनगरच्या रुग्णालयात दाखल होऊन केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च तिच्यातूनच निघू शकतो. प्रवासी विमा विकणारे ही गोष्ट आपणहून सांगत नाहीत, हा काही योगायोग नव्हे.

मग प्रवासी विमा घ्यायचा कशाला? मेडिक्लेम जिथे थांबते तिथून पुढच्यासाठी. जखमी माणसाला खाली आणणं, घरी परत नेण्याची सोय, चुकलेलं विमान, वाढलेला मुक्काम, हरवलेली बॅग. इथे मात्र ‘व्यावसायिक’ हा शब्द मदतीला येईलच असं नाही. प्रवासी आणि वैयक्तिक अपघात विम्यात साहसी खेळ सरसकट वगळलेले असू शकतात आणि जादा हप्ता भरून ते जोडून घ्यावे लागतात. जोडले तरी नावं तपासायची. स्की असेल, पण स्नो-स्कूटर नसेल. स्लेज असेल, पण पॅराग्लायडिंग नसेल. बर्फ बघायला मनालीला गेलेलं कुटुंब जाता जाता पॅराग्लायडिंगही उरकतं, आणि जीव जातो तो अनेकदा तिथे. डिसेंबर २०२२ मध्ये कुलू जिल्ह्यात सातारा जिल्ह्यातल्याच एका तरुणाचा असा मृत्यू झाला होता. उडवणाऱ्याकडे परवाना आहे का, हे विचारायला संकोच कसला? परवाना नसलेल्याकडून उडालात, तर विमा कंपनीच्या हातीही आयतं कारण पडतं.

आखलेल्या उतारापलीकडचा बर्फ हा आणखी वेगळा मामला. गुलमर्गच्या अफरवटच्या उतारांवर हिमकडा कोसळून २०२३ मध्ये दोन पोलिश आणि २०२४ मध्ये एक रशियन पर्यटक दगावले. तिथे जाणारे बहुधा पट्टीचे स्कीपटू असतात, आपलं कुटुंब नव्हे. पण पॉलिसीत ‘आखलेल्या मार्गाबाहेर’ असे शब्द दिसले, तर त्यांचा अर्थ हा. गोंडोला, म्हणजे गुलमर्गचा रोपवे, याची जोखीम निराळी. जून २०१७ मध्ये वादळी वाऱ्यात झाड तारेवर पडून केबिन कोसळली आणि सात जण गेले, त्यात दिल्लीचं एक अख्खं कुटुंब होतं. अशा अपघाती मृत्यूला अपघात विमा लागतो, मेडिक्लेमचा तिथे उपयोग नाही.

आई-वडील सोबत असतील तर उंचीचा विचार हवा. कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्राचं सर्वोच्च टोक, १,६४६ मीटर. गुलमर्गचं मैदानच २,६५० मीटरच्या आसपास आहे आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा चार हजारांच्या जवळ नेऊन सोडतो. बीपी, साखर, जुनी अँजिओप्लास्टी हे सगळं अर्जात लिहायलाच हवं. हप्ता वाढेल म्हणून लपवलं आणि छातीत दुखायला लागलं, तर दाव्याचा कागद तिथेच अडतो. बरेच प्रवासी विमे जुन्या आजाराला जीव वाचवण्यापुरताच हात लावतात. ती ओळ शोधून वाचावी.

सहल रद्द झाली तर? बर्फाने विमान उडालं नाही, घरात कुणी दवाखान्यात दाखल झालं, अशी कारणं अनेक पॉलिसींत चालतात. ‘भीती वाटली म्हणून गेलो नाही’ हे सहसा चालत नाही. एप्रिल २०२५ मधल्या पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर अनेकांनी काश्मीरची बुकिंगं रद्द केली. पॉलिसीत दहशतवाद आणि युद्ध यांविषयी काय लिहिलं आहे, हे आता काश्मीरला निघणाऱ्याने पाहिलंच पाहिजे.

जर्मनीत नोकरीला असलेल्या लेकाकडे जाऊन आल्प्सचा बर्फ बघणाऱ्यांचं गणित निराळं. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, म्हणून लोक स्वस्तातली स्वस्त पॉलिसी घेऊन व्हिसा पदरात पाडतात. पण व्हिसाची पॉलिसी म्हणजे स्कीची पॉलिसी नव्हे. डोंगरावरून हेलिकॉप्टरने उतरवलं, तर बिल हजारो युरोंत जातं. इटलीत तर २०२२ पासून, दुसऱ्याला धडकून इजा केल्यास भरपाई देणारा विमा असल्याशिवाय उतारावर स्की करता येत नाही.

दुखापत झालीच, तर कंपनीला त्याच दिवशी कळवावं. एक्स-रेची फिल्म, डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक औषधाचं छापील बिल जपून ठेवावं. स्लेजवाल्याने किंवा घोडेवाल्याने खाली आणल्याचे पैसे दिले असतील, तर त्याचीही चिठ्ठी मागावी. कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय द्यावा, असा नियामकाचा २०२४ चा आदेश आहे. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर सातारा-सांगलीकरांसाठी विमा लोकपालाचं कार्यालय पुण्यात आहे. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.