उधळत्या गवळाऊला आवरताना

वर्धा जिल्ह्यातला आर्वी, आष्टी, कारंजा हा पट्टा गवळाऊ गुरांचा. पांढरी, सडपातळ, लांबट तोंडाची ही जात दुधाला आणि शेतीला चालते, पण तिचे नाव झाले ते चालीमुळे. गोंडवनाच्या डोंगराळ मुलखात मराठा फौजांची रसद झपाट्याने हलवायला हीच गुरे वापरली जात, अशी तिची ख्याती आहे. नंद गवळ्यांनी हे कळप पिढ्यान् पिढ्या जंगलात चारले. रानात वाढलेले वासरू कान टवकारूनच असते. पाला सळसळला की आधी पळते, मग बघते. शंकरपटाला, म्हणजे आपल्याकडच्या बैलांच्या शर्यतीला, हाच गुण हवा असतो आणि सगळा धोकाही त्यातच असतो.

जुन्नर-खेडकडच्या घाटातल्या शर्यतीत बैलांपुढे घोडी पळते. आपल्या पटात एक जोडी, हलका छकडा, वर हाकणारा एक धुरकरी आणि सेकंद मोजणारे घड्याळ. बैलांना समोर दिसते मोकळी दाण, म्हणजे धावपट्टी, आणि दोन्ही अंगांनी उसळणारा गलका. अशात जोडी उधळली, तर आवरणे अवघड.

घोडा उधळला तर स्वाराला निदान वळणाची सोय असते. एका बाजूचा लगाम हळूहळू जवळ घेत घोड्याची मान वळवायची, त्याला मोठ्या फेऱ्यात घालायचे, फेरा लहान करत आणायचा. मागच्या पायांचा जोर सरळ लागेनासा झाला की वेग उतरतो. दोन्ही लगाम एकदम ताणून धरले, तर अंगात आलेला घोडा त्या ओढीवर रेलून आणखी जोर करतो. छकड्याला ही वळणाची सोय नाही. भरधाव जोडी झटक्यात वळवली तर छकडा उलटेल. शिवाय कासरा वेसणीला बांधलेला. नाकाला हिसका बसला की बैल त्या दुखण्यापासूनच दूर पळू पाहतो.

म्हणून जोडी आवरण्याचे खरे काम पटाच्या कितीतरी आधी होते. दोन्ही बैल तापट असले तर एकाची भीती दुसऱ्याला लागते. एक तरी थंड डोक्याचा हवा. बाजाराची गर्दी आणि वाजंत्री त्यांना लहानपणापासून ओळखीची करावी लागते. ढेप-दाणा भरपूर आणि काम शून्य, अशा गोठ्यातला बैल दाणीवर धुरकऱ्याचे ऐकेल ही अपेक्षाच चुकीची. घोड्यांच्या तबेल्यातही अनुभव हाच.

ही तयारी मध्यंतरी खुंटली. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या. राज्याने 2017 मध्ये कायदा केला, 16 डिसेंबर 2021 रोजी परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. परवानगी मिळेपर्यंतच्या साडेसात वर्षांत बैलांची ऐन उमेदीची एक पिढी पटाविना म्हातारी झाली; पोरांचा हातही बसला नाही. आता मारझोड आणि टोचणीला बंदी आहे. ती मला मनापासून पटते, कारण तुतारीने टोचून पेटवलेला बैल पुढे कोणाचाच शब्द ऐकत नाही. वर्धा नदीपलीकडे, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटात बायकाही जोडी हाकतात. कासऱ्यावर नुसत्या ताकदीचे काम असते, तर हे घडलेच नसते.

आयोजकांकडे मात्र एक गोष्ट हट्टाने मागायला हवी. शेवटच्या रेषेपुढे भरपूर रान मोकळे सोडावे आणि जमले तर पुढचा तुकडा चढाचा किंवा नांगरटीचा असावा. ढेकळांत पाय रुतू लागले की जोडीचा वेग नाकावर ओढ न देताच उतरतो. फोटो काढायला माणसे नेमकी तिथेच उभी राहतात. दोर बांधून त्यांना पहिली जोडी सुटण्याआधीच हटवले पाहिजे.