डाव्या पिळाची गोगलगाय

मृगाचा पाऊस पडला की बांधावर, अळवाच्या पानाखाली, न्हाणीमागच्या ओल्या भिंतीवर गोगलगाई दिसू लागतात. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ म्हणत आपण तिला काडीने डिवचतो, ती शिंगे आत घेते, झाली गंमत! पण तिच्या पाठीवरचा शंख कोणत्या बाजूला वळला आहे, हे कोणी पाहिले आहे का? मित्रांनो, ते पाहायला शिकावे. आणि पालकांनो, ही गोष्ट शेतीच्याही कामाची आहे.

एक रिकामा शंख घ्या. शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड आपल्या उजव्या हाताला आले तर शंख उजवा, डाव्या हाताला आले तर डावा. जगातल्या बहुतेक जाती उजव्या आहेत. अशा उजव्या जातीत हजारोंमध्ये एखादी डावी जन्मते. तिचा नुसता शंखच उलटा नसतो बरे का! आतले हृदय, मानेजवळचे छिद्र, सगळे आरशात पाहिल्यासारखे दुसऱ्या बाजूला असते.

इथे कोणी आजी म्हणतील, “अरे, देवघरात उजवा शंख मिळणे किती कठीण, अन् तुम्ही म्हणता बहुतेक उजवेच!” आजींचेही बरोबर आहे. पूजेच्या शंखाचा निमुळता पन्हाळीचा भाग वर धरतात, म्हणजे शेंडा खाली जातो. शंख उलटा धरला की उजव्याचा डावा होतो. शास्त्रज्ञ ज्याला डावा म्हणतात, तोच आपला दक्षिणावर्ती शंख. वस्तू एकच, धरण्याची तऱ्हा निराळी. मात्र अमेरिकेच्या समुद्रात एका जातीचे जवळजवळ सगळे शंख असेच डावे असतात. ते स्वस्तातले शंख दुर्मिळ म्हणून भारी किमतीला गळ्यात मारले जातात, तेव्हा जत्रेत सांभाळून!

डाव्या गोगलगाईचे दुःख असे, की तिला जोडीदार मिळत नाही. गोगलगाय नर आणि मादी दोन्ही एकाच देहात असते, तरी बहुतेकींना जोडी लागतेच. उजवीचे छिद्र मानेच्या उजव्या अंगाला, डावीचे डाव्या. चपट्या किंवा गोलसर शंखाच्या जातींत मग दोघींचे जमतच नाही.

2016 साली लंडनमध्ये पालापाचोळ्याच्या ढिगात एक डावी बागगोगलगाय सापडली. तिचे नाव ठेवले जेरेमी. नॉटिंगहॅम विद्यापीठातील डॉ. अँगस डेव्हिसन यांनी तिच्यासाठी जोडीदार शोधा, असे लोकांना आवाहन केले. दोन डाव्या मिळाल्या, एक इंग्लंडातली आणि एक स्पेनच्या मायोर्का बेटावरची. पण त्या दोघींनी आपसातच जोडी जमवली आणि जेरेमी राहिली बाजूला! पुढे 2017 मध्ये तिलाही 56 पिल्ले झाली. सगळी उजवी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जेरेमी मेली. पुढच्या अभ्यासातून दिसले की तिचा डावेपणा वंशातून आलेला नव्हता, अंड्यात वाढताना झालेला तो अपघात होता.

सगळीकडे अपघातच असतो असे नाही. तळ्यातल्या एका गोगलगाईत हा गुण वंशातून येतो आणि तोही विचित्र रीतीने. पिल्लाचा पीळ त्याच्या स्वतःच्या गुणावर ठरत नाही, आईच्या गुणावर ठरतो. पिल्लात दोन्ही गुण डावे उतरले, पण आईजवळ एक जरी उजवा गुण असला, तर पिल्लू उजवेच दिसते. त्याचा डावेपणा त्याने घातलेल्या अंड्यांत बाहेर पडतो. दोरी वळताना पहिला पीळ पडेल तशी सारी दोरी वळत जाते, तसेच इथे आहे. अंड्यातल्या चार पेशींच्या आठ होताना वरच्या चार पेशी किंचित एका बाजूला सरकतात, तिथेच सगळे ठरते. जपानमध्ये 2009 साली शास्त्रज्ञांनी काचेच्या बारीक काडीने या पेशी दुसरीकडे ढकलल्या, तर उलट्या पिळाची गोगलगाय वाढली! 2019 साली त्यांनी याचे मूळ असलेल्या एका जनुकात फेरफार केला आणि उजव्या वंशातून डावी पिल्ले मिळवली.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. सह्याद्रीत एरिओफँटा नावाची गोगलगाईंची एक शाखा आहे. तिच्यातल्या लेव्हिपेस या जातीत डावा शंख हा अपघात नाही, व्यंग नाही. आई डावी, पिल्ले डावी, सारा गोतच डावा! शंख बसका असतो. अशीच आणखी एक तऱ्हा थायलंड-मलेशियाच्या झाडांवर आहे. तिथल्या काही जातींत उजव्या आणि डाव्या एकाच रानात नांदतात.

याउलट पिकाचा सत्यानाश करते ती मोठी आफ्रिकन शंखी गोगलगाय. बेन्सन नावाच्या इंग्रजाने 1847 साली ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली, तिथून ती पसरली. ती एका वेळी शंभराहून जास्त अंडी घालते. 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यांत तिने सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. तिचा शंख उंच, टोकदार, तपकिरी पट्ट्यांचा आणि उजवा असतो. म्हणजे बसका डावा शंख दिसला तर ती आफ्रिकन नव्हे, हे नक्की. तिला मिठाच्या पाण्यात टाकण्याचे कारण नाही.

आफ्रिकन गोगलगाई संध्याकाळी ओले गोणपाट पसरून गोळा कराव्यात आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. औषधाच्या गोळ्या टाकल्या तर त्या आपली-परकी ओळखत नाहीत, आणि कुत्र्याने खाल्ल्या तर कुत्रेही दगावते. गोगलगाईला उघडा हात लावू नये, तिच्यात मेंदूला बाधा करणारे जंत असू शकतात. हातात पिशवी घालावी, नंतर साबणाने हात धुवावेत.

घोडेगाव, डिंभे, माणिकडोह, ओतूर, कुठेही बांधावर रिकामा डावा शंख सापडला तर गाव आणि तारीख चिठ्ठीवर लिहून शाळेत आणून द्या. जिवंत आणू नका. भीमाशंकरच्या अभयारण्यात तर रिकामा शंखही उचलायचा नाही, तिथे नुसते पाहून वहीत चित्र काढा, तोंड कोणत्या हाताला आहे ते नीट बघून.