ग्रंथालयातून शिडी नेताना: उसनं, मागून आणलेलं आणि मिंधेपण

गेल्या वेळी आपण मालकी या कल्पनेबद्दल बोललो. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी प्रश्न विचारला होता. त्यांची मुलगी अमेरिकेत असते. तिनं म्हणे तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयातून भिंतीला भोक पाडायचं ड्रिल मशीन घरी आणलं, पुस्तकासारखं कार्डावर नोंदवून. "सर, याला ग्रंथालय म्हणायचं की भाड्याचं दुकान?" सभागृहात हशा पिकला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आज त्यावरच बोलू.

आधी कबुली देतो. हा प्रकार आम्ही प्रथम ऐकला तेव्हा आम्हीही नाक मुरडलं होतं. सगळा जन्म पुस्तकांच्या कपाटांत गेला, आणि आता त्याच कपाटात शिडी आणि करवत? पण जरा खोलात गेल्यावर मत बदललं. का बदललं तेच सांगायचं आहे.

ही गोष्ट नवी मुळीच नाही. मिशिगन राज्यातल्या ग्रॉस पॉइंटच्या सार्वजनिक ग्रंथालयात 1943 पासून अवजारं मिळतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत 1979 साली सरकारी अनुदानातून अवजारांचं ग्रंथालय निघालं. तिथं अठरा वर्षांवरच्या रहिवाशाला शिडी, ड्रिल, कुदळ असलं सामान फुकट नेता येतं. मिडवेस्टमधल्या लहान लहान गावांची ग्रंथालयं केकचे साचे देतात. ससा, फुलपाखरू, आकडे, काय हवं ते. वाढदिवस वर्षातून एकदा, साचा वर्षभर फडताळात कशाला, असा साधा हिशेब. फिनलंडमधली ग्रंथालयं घरातलं कोणतं उपकरण किती वीज खातं हे मोजायचं मीटर देतात. हेलसिंकीचं ऊडी ग्रंथालय 2018 च्या डिसेंबरात उघडलं, तिथं शिवणयंत्रं मांडलेली आहेत, बसून शिवा.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पुस्तक देणं आणि वस्तू देणं यात फरक आहे का? आपल्या भाषेत देण्याघेण्याचे दोन प्रकार फार स्पष्ट आहेत. शेजारून वाटीभर साखर आणली, तर ते उसनं. तीच साखर परत करायची नसते, तेवढीच दुसरी करायची. पण शिडी उसनी आणली असं आपण सहसा म्हणत नाही, मागून आणली म्हणतो, कारण परत जायची ती तीच शिडी. रोमन कायद्यानं या दोन व्यवहारांना दोन नावं दिली होती. पहिल्याला म्यूचुअम आणि दुसऱ्याला कोमोडाटम. पहिल्यात वस्तूची मालकीच घेणाऱ्याकडे जाते, दुसऱ्यात फक्त वापर जातो. शिवाय कोमोडाटमला एक अट होती, ते विनामूल्य असलं पाहिजे. पैसे घेतले की ते भाडं झालं. म्हणजे आपल्या श्रोत्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच मिळालं. तिथं भाडं नाही, म्हणून ते दुकान नाही.

(बियाण्यांची ग्रंथालयंही आहेत, तिथं मात्र गंमत होते. मूठभर घेवडा न्यायचा, पेरायचा आणि हंगामाअखेर त्याच्या शेंगांतलं बी परत आणायचं. हे शुद्ध उसनं! 2014 मध्ये पेनसिल्वेनियातल्या एका ग्रंथालयाला राज्याच्या कृषिखात्यानं बियाणे कायद्याचा बडगा दाखवला, कारण कायद्याला विक्रेता ठाऊक होता, उसनवारी ठाऊक नव्हती. पुढे ते निवळलं.)

मागून आणणं आपल्याला नवं आहे का? आमच्या लहानपणी घरातल्या प्रत्येक पातेल्यावर, परातीवर नाव घातलेलं असे. कशासाठी? भांडं घराबाहेर जाणार हे गृहीतच धरलेलं होतं, आणि ते परत यावं म्हणून ते नाव. लग्नकार्याला देवळाकडून किंवा मंडळाकडून मोठी पातेली, सतरंज्या यायच्या. मग ग्रंथालयानं वेगळं काय केलं?

इथं जरा थांबू, कारण सगळं मर्म इथं आहे. ॲरिस्टॉटलनं 'पॉलिटिक्स'च्या दुसऱ्या भागात म्हटलंय की मालमत्ता ज्याची त्याची असावी, पण वापर सामाईक असावा. उदाहरण तो स्पार्टाचं देतो, तिथले लोक एकमेकांचे घोडे, कुत्रे आपलेच असल्यासारखे वापरत. पण हे कुणामध्ये चालतं? मित्रांमध्ये. ज्याला मित्र नाही, त्याला घोडा नाही. आपल्या नाव घातलेल्या भांड्यांचंही तसंच. कुणाचं भांडं कुणाच्या घरी जाईल आणि कुणाच्या जाणार नाही, हे जात आणि नातं ठरवत असे. ते आपण विसरू नये. आणि ज्याला मिळे, त्यालाही मागायला जावं लागे. मागायला जाणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं. वहिनी, जरा मोठं पातेलं मिळेल का? यातला 'जरा' महत्त्वाचा. पातेलं परत जातं, मिंधेपण घरात राहतं.

ग्रंथालय नेमका हा 'जरा' काढून टाकतं. तिथं शिडी नेणारा याचक नसतो, सभासद असतो. ज्या मेजावर न्यायाधीश कादंबरी नोंदवून नेतात, त्याच मेजावर घरकाम करणाऱ्या बाई शिवणयंत्र नोंदवून नेतात. अनोळखी माणसाला हक्कानं, विनामूल्य, कुणाचा शब्द खाली न पडू देता वस्तू वापरायला मिळणं, हे मित्रांच्या देवघेवीत कधीच नव्हतं.

न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या रिव्हरसाइड शाखेनं 2018 मध्ये टाय, हातातल्या बॅगा आणि ब्रीफकेस द्यायला सुरुवात केली, नोकरीच्या मुलाखतीसाठी. वर्तमानपत्रांनी गमतीची बातमी म्हणून छापली. आम्हाला ती गमतीची वाटत नाही. मुलाखतीला जाताना मित्राचा शर्ट घालून गेलेली कितीतरी मुलं आम्ही वर्गात शिकवली आहेत. शर्ट चांगलाच असायचा. पण तो मित्र पुढची दोन वर्षं अधूनमधून त्या शर्टाची आठवण काढायचा.

आता हे चालवायचं कसं, तेही पाहू, कारण सद्भावनेवर ग्रंथालय चालत नाही. पुस्तक ही फार सोशिक वस्तू आहे. तिचे भाग सुटे होत नाहीत आणि तिनं बोटही कापत नाही. वस्तूंचं तसं नाही. न्यू हॅम्पशायरच्या हौशी खगोलप्रेमींच्या संस्थेनं 2008 पासून ग्रंथालयांना दुर्बिणी द्यायला सुरुवात केली, साडेचार इंची आरशाच्या. त्यांनी काय केलं बघा. नेत्रिका हरवते, म्हणून सुट्या नेत्रिकांऐवजी एकच झूम नेत्रिका घालून ती स्क्रूनं पक्की केली. झाकणं हरवतात, म्हणून ती दोरीनं बांधली. आणि सोबत सोप्या भाषेतली सूचनापुस्तिका. म्हणजे 'देण्याजोगी दुर्बीण' ही बाजारात मिळणारी दुर्बीण नव्हे, ती बनवावी लागते. आम्हाला यात संपूर्ण ग्रंथपालनशास्त्र दिसतं. पुस्तकाला कापडी बांधणी घालणं आणि झाकणाला दोरी बांधणं हे एकच काम आहे.

आक्षेप असा घेतला जातो की यानं ग्रंथालयाचा मूळ हेतू पातळ होतो. यात तथ्य अजिबात नाही असं आम्ही म्हणणार नाही. पैसा तेवढाच असेल आणि ड्रिलसाठी पुस्तकखरेदी कापली जाणार असेल, तर आम्हीही विरोधात उभे राहू. पण हेतू काय होता? डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पहिला नियम, ग्रंथ वापरासाठी आहेत. जपण्यासाठी, मिरवण्यासाठी नव्हे. जोर 'वापर' या शब्दावर आहे. पाचवा नियम म्हणतो, ग्रंथालय ही वाढती, जिवंत संस्था आहे. आणि सयाजीरावांचं बडोदं आठवा. 1910 मध्ये त्यांनी बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं उभारलं. त्या ग्रंथालय खात्याची एक शाखा मॅजिक लँटर्न आणि सिनेमा घेऊन गावोगाव जात असे. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ग्रंथालयाकडून काही मिळालं पाहिजे, ही समज तेव्हा होती.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. 1967 चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आहे, अ-ब-क-ड असे दर्जे आहेत, आणि दर्जा ठरतो त्यात ग्रंथसंख्या, नियतकालिकं मोजली जातात. दुर्बीण कुठल्या रकान्यात लिहायची? अनेक ग्रंथालयांत सेवकांचा पगारच जेमतेम निघतो, त्यांच्यापुढे केकच्या साच्यांचं कौतुक करणं म्हणजे जखमेवर मीठ. तरीही एक कपाट कुणी देणगीतून सुरू केलं, दुर्बीण, शिवणयंत्र, परीक्षार्थींसाठी कॅल्क्युलेटर, तर त्याला कायदा आडवा येतो असं आम्हाला वाटत नाही.

शेवटी, समोरून हात वर झालाय आणि प्रश्न काय असणार ते ठाऊक आहे. मोडलं तर? याचं उत्तर रोमन लोकांनी देऊन ठेवलंय. मागून आणलेल्या वस्तूची काळजी घेणाऱ्यानं कसोशीनं घ्यायची. पण आग, पूर, दरोडा असं अकल्पित संकट आलं तर दोष त्याचा नाही. त्याला एक अपवाद आहे, आणि त्याचं उदाहरण थेट भांड्यांचंच आहे. मित्रांना घरी जेवायला बोलावलंय म्हणून एकानं चांदीची भांडी मागून नेली, आणि ती घेऊन तो प्रवासाला निघाला. वाटेत चोरांनी लुटलं. इथं मात्र भरपाई त्यानंच द्यायची, कारण भांडी जेवणासाठी दिली होती, प्रवासासाठी नव्हे.